पाडव्याचा भाव आणि फाटकावरचा भाव

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. जेसल पार्क, भाईंदर येथे कामाला असलेल्या गावकऱ्यांच्या वतीने हे भाषण झाले.)



आम्ही पुढारी नाही. आम्ही तुमच्याच शिवारातली माणसे. कुणाची चार एकर कोरडवाहू, कुणाची दीड. ज्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला, ज्या वर्षी काढणीला आलेली ज्वारी पावसाने काळी पडली, त्या वर्षी आम्ही गाव सोडले. आज आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात कामाला आहोत. पुरुषमाणसे सोसायट्यांच्या नि दुकानांच्या दारावर वॉचमन आहेत, बाया चार घरची धुणीभांडी करतात. पेरणीला येतो, सुगीला येतो, परत जातो. सातबारा अजून आमच्या नावावर आहे. म्हणून या बैठकीत उभे राहण्याचा आमचा हक्क आहे असे आम्ही मानतो.

जेसल पार्क पुष्कळांनी पाहिले नसेल. चर्चगेटहून विरारकडे जाणारी लोकल भाईंदर स्टेशन सोडते आणि वसईच्या खाडीच्या पुलावर चढते. पूल लागण्याआधी उजव्या हाताला खाडीच्या काठाने इमारतींची रांग दिसते, ते जेसल पार्क. काठावर लोकांना बसायला चौपाटी केलेली आहे. भाईंदर एके काळी मिठागरांसाठी ओळखले जायचे. आता जिकडे पाहावे तिकडे इमारती. प्रत्येक इमारतीला फाटक आहे आणि फाटकापाशी एक खुर्ची आहे. त्या खुर्चीवरचा माणूस कुणी बीडचा असतो, कुणी यवतमाळचा, कुणी बिहारचा. पण त्याला विचारून पाहा, दहातल्या बऱ्याच जणांच्या घरी कोरडवाहू जमीन निघते.

आता आमच्यावर काय गुदरले ते सांगतो. एका सोसायटीत आमची चार माणसे सहा वर्षे कामाला होती. चोरी नाही, तक्रार नाही. पगार एका एजन्सीकडून मिळायचा. सोसायटीची नवी कमिटी आली, तिने दुसऱ्या एजन्सीचा भाव मागवला. तो कमी निघाला. महिन्याच्या एक तारखेला आमच्या चौघांना सांगितले, वर्दी काढून द्या. आमच्या जागी जी पोरे आली ती कुठली असतील? आपल्याच जिल्ह्यातली, शेजारच्या तालुक्यातली. संध्याकाळी ती पोरे चौपाटीवर भेटली. भाकरीचा तुकडा बरोबर खाल्ला. त्यांनी विचारले, तुम्हाला काय मिळत होते? आम्ही सांगितले. ती गप्प झाली. त्यांना आमच्याहून कमी ठरले होते, आणि ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. वर्षाच्या आत तिसरी एजन्सी आली. ती पोरेही गेली.

त्या पोरांचा दोष नाही. सोसायटीच्या लोकांनाही आम्ही राक्षस म्हणत नाही. त्यांतले निम्मे स्वतः नोकरदार, कर्जावर घर घेतलेले. दोष कुठे आहे तो हिशेब मांडल्यावर दिसतो. समजा, एजन्सी सोसायटीकडून शंभर रुपये घेते. त्यात सरकारचा कर आला, वर्दी आली, सुपरवायझर आला, एजन्सीचा नफा आला. उरले ती आमची मजुरी. दुसरा एजन्सीवाला म्हणतो, मी नव्वदात करतो. तो दहा रुपये कुठून कापणार? कर कापता येत नाही. वर्दी एकदाच कापता येते. कापायला एकच जागा उरते, वॉचमनचा पगार आणि त्याचा प्रॉव्हिडंट फंड. म्हणजे ठेकेदारांची आपसातली स्पर्धा आमच्या पोटावर चालते. आणि ज्या एकाद्या ठेकेदाराच्या मनात रास्त पगार द्यायचे असते, त्याचा भाव जास्त निघतो, त्याचे काम जाते. चांगले वागणारा बुडतो, वाईट वागणारा तरतो. एकेका फाटकाचा वेगळा सौदा होतो तोवर हेच चालणार.

यावर तोड काय? तोड आपल्या गावातच आहे. पाडव्याच्या सुमारास सालदाराचा भाव फुटतो. एकदा भाव फुटला की गावातल्या सगळ्या सालदारांना तो थोड्याफार फरकाने लागतो. पाटलाच्या वाड्यावर वेगळा आणि चार एकरवाल्याकडे निम्मा, असे सहसा होत नाही. त्यामुळे कोणता शेतकरी चांगली शेती करतो ते मशागतीवरून, बियाण्यावरून, पाण्यावरून ठरते. सालदाराचे पोट कोणी जास्त कापले, त्यावरून ठरत नाही. आम्हाला फाटकावर एवढेच हवे आहे. सगळ्या धंद्याला, सगळ्या भागाला एक दर, आणि तो दोन्ही बाजूंनी बसून ठरवलेला. कामगार चळवळीत याला सामुदायिक सौदा म्हणतात. एका फाटकापुरता न करता धंदाभराचा केला तरच तो टिकतो, हे आमचे म्हणणे.

ज्यांच्या घरचा कोयता दसऱ्यानंतर कारखान्यावर जातो, त्यांना यात नवे काही नाही. ऊसतोडीचा दर एकेका कारखान्याच्या फडात ठरत नाही. एका बाजूला साखर संघ आणि दुसऱ्या बाजूला तोडणी कामगारांच्या संघटना बसतात, लवाद नेमतात आणि राज्यभराचा दर ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये असाच ३४ टक्के वाढीचा निर्णय झाला. मुकादमाची उचल, फडातले हाल, बायकांच्या आजारपणाचा प्रश्न हे सगळे अजून शिल्लक आहे, ते आम्ही झाकत नाही. पण विचार करा, हाच दर प्रत्येक मुकादमाने प्रत्येक कारखान्याशी वेगळा ठरवायचा असता तर काय झाले असते? एका टोळीला दुसऱ्या टोळीचा धाक दाखवून दर खाली आणला असता. जसा आमचा आणला.

आता महाराष्ट्रातले एक जुने नि मोठे उदाहरण घ्या. मुंबईच्या धान्य बाजारात, लोखंड बाजारात, धक्क्यावर पाठीवर ओझी वाहणारे माथाडी. आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. मालक कोण, हेच ठरत नव्हते. पेढीवाला म्हणे, हा माझा नोकर नाही, टोळीवाल्याचा आहे. टोळीवाला म्हणे, मी तर स्वतः हमाल. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांची संघटना बांधली. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. त्यातून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला.

या कायद्यातली मेख समजून घ्या. कामगार एका मालकाचा न राहता मंडळाच्या वहीत नोंदला जातो. मालकही मंडळाकडे नोंदला जातो. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, सरकारचेही असतात. मजुरी मालकाने मंडळात भरायची, आणि मजुरीवर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस. मालक कितीही बदलोत, कामगाराची नोंद कायम राहते, फंड कायम राहतो. आमच्या चौघांची सहा वर्षे जशी एका तारखेला पुसली गेली, तशी ती पुसली जात नाहीत.

आणि भावांनो, हाच धडा वॉचमनच्या बाबतीतही एकदा गिरवून झाला आहे. १९८१ साली महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला. माथाडीच्या धर्तीवर सुरक्षा रक्षक मंडळ झाले. बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्याचे मंडळ आहे, म्हणजे भाईंदरही त्याच क्षेत्रात येते. मंडळाचा रक्षक एका ठिकाणचे काम सुटले तर मंडळाकडे परत येतो आणि दुसऱ्या जागेची वाट पाहतो. त्याचा दर मंडळ ठरवते. त्याला पगार मंडळातून मिळतो.

मग तुम्ही विचाराल, कायदा आहे तर तुम्ही रडता कशाला? कारण बांधाला भगदाडे आहेत. पहिले भगदाड, कायद्याच्या २३ व्या कलमात सूट आहे. जी एजन्सी आपल्या रक्षकांना मंडळाच्या रक्षकांपेक्षा कमी नसलेले फायदे देते, तिच्या रक्षकांना सरकार कायद्यातून वगळू शकते. कागदावर ही सूट रास्त वाटते. पण फायदे खरोखर दिले जातात की नाही, हे रोज फाटकावर येऊन पाहणार कोण? दुसरे भगदाड, मालकाने थेट आणि कायम म्हणून नेमलेला वॉचमन या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. तिसरे, २००५ च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला परवाना लागतो. पण परवाना असणे वेगळे आणि रास्त पगार देणे वेगळे. बांधाला एक भगदाड राहिले तर पाणी कुठून जाते हे शेतकऱ्याला सांगायला नको. मंडळाचा दर चढला की मालक सूट असलेल्या किंवा नोंद नसलेल्या माणसाकडे वळतो.

आमच्या बायांची गोष्ट तर याहून अवघड. २००८ साली महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी होते, काही साहाय्य मिळते, ते आम्ही नाकारत नाही. पण ते मंडळ घरकामाचा दर ठरवत नाही, आणि घरमालकाकडून माथाडीसारखी लेव्ही घेत नाही. जो पैसा देतो तोच टेबलाबाहेर आहे. मग सौदा कुणाशी करायचा? एक बाई एका दारी, दुसरी बाई दुसऱ्या दारी. एकीने भांड्याचे पन्नास वाढवून मागितले की उत्तर तयार असते: खालच्या मजल्यावरची कमी घेते.

दिल्लीच्या नव्या कायद्यांबद्दल दोन शब्द. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. किमान वेतनाचा आधार सगळ्या कामांना द्यायचा, हे वेतन संहितेत आहे, ते चांगले आहे. पण किमान वेतन म्हणजे जोते. घर त्यावर सौद्याने उभे राहते. आणि सौद्याचा मान नव्या औद्योगिक संबंध संहितेत एकेका आस्थापनेपुरता धरला आहे. तिथे ज्या संघटनेकडे ५१ टक्के कामगार, ती वाटाघाट करणार. आता आमची आस्थापना कोणती ते सांगा. फाटक सोसायटीचे, पगार एजन्सीचा, आणि एजन्सी वर्षाला बदलते. ५१ टक्के मोजून होईपर्यंत माणसेच बदललेली असतात.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे समजू नका. युरोपातही कारखाने घटले आणि झाडलोट, पहारा, हॉटेल, आजाऱ्यांची सेवा अशी कामे वाढली. तिथेही ठेकेदारी आली आणि तिथेही हाच घाव बसला. पण काही देशांनी बांध घातला. ऑस्ट्रियात १०० पैकी सुमारे ९८ कामगारांना धंद्याचा करार लागू आहे, कारण मालकांना त्यांच्या व्यापारी मंडळाचे सभासद व्हावेच लागते आणि ते मंडळ करार करते. फ्रान्समध्ये संघटनेचे सभासद दहात एखादाच, तरी धंद्याचा करार बहुतेक सगळ्यांना लागतो. सरकार तो करार सही न केलेल्या मालकांनाही लावते. जर्मनीत इमारती साफ करणाऱ्यांची किमान मजुरी २००७ पासून करारानेच ठरते आणि साऱ्या धंद्याला लागू होते, परदेशातून माणसे आणणाऱ्या ठेकेदारालाही. उलट इंग्लंडने आपली बहुतेक वेतन मंडळे १९९३ साली मोडली. २०२२ साली युरोपीय संघाने निर्देश काढला की ज्या देशात ८० टक्क्यांहून कमी कामगारांना असे करार लागू आहेत, त्याने ते वाढवण्याचा आराखडा करावा. तिथल्या सेवाधंद्यांतल्या संघटनांचा महासंघ आणखी एक मागणी करतो: सरकारी ठेका सर्वांत स्वस्त निविदेला न देता सामुदायिक करार पाळणाऱ्यालाच द्या. ही मागणी आपल्या नगरपालिकेच्या, झेडपीच्या, सरकारी दवाखान्याच्या दारावर जशीच्या तशी लागू पडते. सरकारच स्वस्तात स्वस्त ठेकेदार शोधते, तर सोसायटीला नावे ठेवून काय उपयोग?

आता तुमच्या मनातले दोन आक्षेप. ते तुम्ही चहाच्या वेळी बोलून दाखवलेत, म्हणून इथे उघड घेतो.

पहिला आक्षेप: सगळ्यांना एकच भाव, हे आम्ही कापसात भोगले आहे. बरोबर. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. एक भाव होता, पण चुकारे लांबले, ग्रेड लावताना अन्याय झाला, आणि बाहेर भाव जास्त असला की कापूस रात्री सरहद्द ओलांडून आंध्रात, गुजरातेत जाई. त्यातून आम्ही शिकलो ते असे की एक भाव ठरवणे पुरेसे नाही. तो ठरवताना ज्याचा माल आहे तो टेबलावर असावा लागतो. सरकारने ठरवून वरून लादलेला भाव हा सौदा नव्हे. मुंबईच्या गिरण्यांतही हेच झाले. १९४६ च्या कायद्याने साऱ्या कापड धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मानली. कल्पना चांगली होती. पण पुढे कामगारांचे मन त्या संघटनेवरून उडाले तरी कायदा तिलाच धरून बसला. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले, १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलायला मालक कायद्याने बांधील नव्हते. कामगार देशोधडीला लागला. म्हणून आम्ही म्हणतो, धंदाभराचा करार हवा, पण कोणी बोलायचे ते कामगाराने मत देऊन ठरवावे, आणि ते बदलण्याचा हक्कही त्याच्याकडेच राहावा.

दुसरा आक्षेप: हमालांचा दर वाढला की आमच्या पट्टीतून कापला जातो. हाही खरा. बाजारात माल आणल्यावर हमाली, तोलाई किती कापली ते तुम्ही पट्टीत वाचता. माथाडीच्या नावावर काम न करता पैसे उकळणारेही काही ठिकाणी निघाले, त्यांची आम्ही बाजू घेत नाही. पण हमालाची मजुरी पाडून तुमचा भाव वाढेल काय? ज्या वर्षी हमाल स्वस्त होता त्या वर्षी व्यापाऱ्याने तुम्हाला क्विंटलला जास्त दिले, असे कुणी छातीवर हात ठेवून सांगावे. खरी उणीव दुसरीकडे आहे. मंडळाच्या टेबलावर मालक आहे, कामगार आहे, सरकार आहे. ज्याच्या पट्टीतून पैसे जातात तो शेतकरी तिथे नाही. हमालाचा दर मोडायची मागणी करू नका. त्या टेबलावर तुमची खुर्ची मागा. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसले की आकडा उघड होतो, आणि मधल्याला अंधारात खाता येत नाही.

आता आमची मागणी. आम्ही वर्गणी मागायला आलो नाही. चार गोष्टी मागतो.

एक. एजन्सीचा माणूस किंवा मुकादम गावात पोरे न्यायला आला, तर त्याला पारावर बसवून विचारा: जागा कोणती? पगार किती? नेमणुकीचे पत्र देणार काय? फंडाचा नंबर मिळणार काय? आणि शेवटचा प्रश्न विसरू नका, ती जागा कुणाला काढून रिकामी केली? आमच्या चौघांच्या जागी आलेल्या पोरांना हा प्रश्न कुणी शिकवला नव्हता.

दोन. गावागावांत, तालुक्यातालुक्यांत बाहेर कामाला गेलेल्यांची वही करा. नाव, ठिकाण, पगार, एवढेच. आमच्या आणि शेजारच्या तालुक्याच्या पोरांना एकमेकांचा पगार आधी ठाऊक असता, तर आम्ही आठजण मिळून सोसायटीशी बोललो असतो.

तीन. या बैठकीने ठराव करावा की १९८१ च्या रक्षक कायद्यातल्या सुटीची भगदाडे बुजवावीत, थेट नेमलेल्या वॉचमनलाही मंडळाचा दर लावावा, घरकामगारांच्या मंडळाला दर ठरवण्याचा अधिकार द्यावा, आणि सरकारी ठेका ठरलेला दर देणाऱ्यालाच मिळावा.

चार. ही तुमच्या स्वतःच्या अंगणातली आहे, रागावू नका. येत्या पाडव्याला सालदाराचा भाव फोडाल तेव्हा सालदारांना ओट्याखाली उभे न करता सोबत बसवून फोडा. कापसाचा भाव ठरवताना आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून आपण रस्त्यावर येतो. तोच न्याय आपल्या गड्याला नाकारला, तर शहरातल्या सोसायटीला आम्ही कोणत्या तोंडाने बोलणार?

परवा रात्रीच्या गाडीने आम्ही परत जाऊ. सकाळी सात वाजता पाळी बदलते, खुर्चीवर बसावे लागेल. यंदा कापूस बरा आला तर आमच्यातले दोघे परत गावी येतील म्हणतात. त्यांच्या खुर्चीवर तुमच्यातल्याच कुणाचा तरी पोरगा येऊन बसेल. तो आमच्याहून कमी पगारावर बसू नये, एवढ्यासाठी आम्ही इथवर आलो.